सही कुणाची, सांभाळ कुणाचा?

'दत्तक' हा शब्द आपल्याकडच्या विद्यार्थ्याला प्रथम भेटतो तो इतिहासाच्या पुस्तकात. १८४८ साली साताऱ्याचे महाराज शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. लॉर्ड डलहौसीने तो दत्तक नामंजूर केला आणि छत्रपतींचे राज्य खालसा झाले. एवढे लिहिले की परीक्षेतले गुण मिळतात आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. परंतु या हकिकतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दत्तक त्या काळी गादीसाठी होता, वतनासाठी होता, पिंडदानासाठी होता. घराण्याला वारस हवा म्हणून मूल हवे होते. मुलाला घर हवे म्हणून दत्तक, हा विचार त्यात कुठेच नव्हता.

हा दुसरा विचार आपल्याच मातीतल्या माणसांनी आचरणात आणला. सावित्रीबाईंचे माहेर सातारा जिल्ह्यातले नायगाव. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव त्याच जिल्ह्यातले कटगुण. या दांपत्याने १८७४ साली एका विधवेच्या मुलाला आपले मानले. त्याचा जन्मदाता कोण, त्याचे रक्त कोणत्या जातीचे, हे त्यांनी विचारले नाही. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंबरोबर रोग्यांच्या सेवेला उभा राहिला. मूल ज्याने वाढवले त्याचे, हे फुल्यांनी दीडशे वर्षांपूर्वी सांगितले. आपल्या कायद्याला आणि आपल्या समाजाला ते अजून पुरते उमगले आहे असे मला वाटत नाही.

मी ज्या दत्तकाबद्दल लिहिणार आहे तो राजवाड्यातला नाही, अनाथाश्रमातलाही नाही. तो साध्या घरातला आहे. नवऱ्याने टाकलेली किंवा फारकत झालेली बाई पुन्हा लग्न करते. पदरात एक-दोन मुले असतात. नवा नवरा त्या मुलांना खाऊ घालतो, शाळेत घालतो, आजारपणात रात्र जागतो. काही वर्षांनी त्याला वाटते, या पोरांना कागदावरही आपले म्हणावे. येथे प्रश्न उभा राहतो. कागदावर आपले म्हणण्याची परवानगी द्यायची कुणी?

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम हा १९५६ सालचा. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख या सर्वांना तो लागू आहे. त्याच्या नवव्या कलमात मूल दत्तक देण्याचा अधिकार कुणाला, ते सांगितले आहे. बाप हयात असेल तर तो अधिकार बापाचाच, अशी मूळची तरतूद होती. आईने फक्त संमती द्यायची. नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या बाईला स्वतंत्र अधिकार मिळायला २०१० साल उजाडावे लागले. आता आई आणि बाप दोघांनाही समान अधिकार आहे, पण एकाने दुसऱ्याची संमती घेतली पाहिजे. ही संमती तीनच प्रसंगी लागत नाही : दुसऱ्याने संसाराचा पूर्णपणे आणि कायमचा त्याग केला असेल, तो हिंदू राहिला नसेल, किंवा न्यायालयाने त्याला वेडा ठरवले असेल.

वाचकहो, या यादीकडे जरा निरखून पाहा. संन्यास घेऊन हिमालयात गेलेल्या बापाची संमती लागत नाही. पण बायकामुलांना सोडून पलीकडच्या तालुक्यात दुसरा संसार थाटलेल्या, दहा वर्षांत मुलाला एक वही न घेऊन दिलेल्या बापाची संमती मात्र लागते! भगवी वस्त्रे घालणाऱ्याने निदान कुणाला फसवले नसते. ज्याने फसवले त्याचाच अधिकार कायद्याने जपून ठेवला आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येते आणि सावत्र आईबापांसाठी तेथे वेगळे नियमही आहेत. परंतु तेथेही जन्मदात्याच्या संमतीचा कागद मागितला जातोच.

अधिकाराबरोबर कर्तव्य येते, असे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण पाचवीपासून वाचतो. बापाचे कर्तव्य काय? मुलाचा निर्वाह. हेही कायद्याने सांगितले आहे, आणि स्पष्ट सांगितले आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम झाले आहे, ते ऐपत असूनही बायकामुलांना न पोसणाऱ्याकडून पोटगी मिळवून देते. जुन्या कलमात दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती २००१ साली काढून टाकली. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा, असेही त्याच वेळी लिहिले गेले. आई पुन्हा लग्न करो वा न करो, मुलाबद्दलची जन्मदात्याची जबाबदारी संपत नाही. कागदावर सारे ठीक आहे.

मग प्रत्यक्षात काय होते? नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेला एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बाई तान्हे मूल घेऊन २०१३ च्या जानेवारीत घराबाहेर पडली होती. कुटुंब न्यायालयाने तिला दरमहा १५,००० रुपये आणि मुलाला प्रथम ५,००० व पुढे १०,००० रुपये अंतरिम पोटगी ठरवली. नवरा त्याविरुद्ध वर वर जात राहिला. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला ४ नोव्हेंबर २०२० रोजी. साठ दिवसांचे काम सात वर्षे चालले. तान्हे मूल शाळेत जाण्याच्या वयाचे झाले. त्या निकालात न्यायालयाने सबंध देशासाठी नियम घालून दिले : दोन्ही बाजूंनी आपली मिळकत व देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. नियम उत्तम आहेत. पण हुकूम मिळणे वेगळे आणि पैसे हातात पडणे वेगळे.

वसुलीची वाट अशी आहे. पैसे थकले की बाईने पुन्हा अर्ज करायचा. तो थकल्यापासून एका वर्षाच्या आत केला पाहिजे. नाहीतर वॉरंट निघत नाही. वॉरंट निघूनही पैसे भरले नाहीत तर महिनाभराची कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितले आहे. परंतु दुसऱ्याच्या शेतात भांगलणीला जाणाऱ्या बाईला प्रत्येक तारीख म्हणजे एक खाडा. एसटीचे भाडे वेगळे, वकिलाची फी वेगळी. तीन हजारांच्या वसुलीसाठी चार हजार घालवायचे, हा हिशेब तिला परवडत नाही. ती गप्प बसते. एक वर्ष उलटते. आणि लोक म्हणतात, तिने मागितलेच नाही!

या गप्प बसणाऱ्या बायकांना आपल्याच जिल्ह्यात एकदा वाचा फुटली होती, हे आपल्या पिढीला ठाऊक असायला हवे. १९८० च्या दशकात सांगली जिल्ह्यात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्ता स्त्रियांना संघटित केले. कासेगावच्या इंदुताई पाटणकर त्यात अग्रभागी होत्या. त्यांच्याबरोबर गेल ऑम्व्हेट होत्या, ज्या अमेरिकेत जन्मून कासेगावच्या झाल्या. या बायकांच्या मागण्या पाहा : स्वतःच्या नावाचे रेशन कार्ड, राहायला जागा, जगायला साधन. नवऱ्याच्या नावावाचून बाई सरकारदरबारी अस्तित्वात नाही, हे दुखणे त्यांनी नेमके ओळखले होते. बाईचे नाव रेशन कार्डावर आले. तिच्या मुलांच्या नावाचा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

हा प्रश्न मला पुस्तकातून कळलेला नाही, म्हणून चार ओळी घरच्या लिहिते. माझ्या आईला २०१५ साली आम्हा दोघा भावंडांसाठी दरमहा ३,००० रुपयांचा हुकूम मिळाला. सात महिने पैसे आले आणि थांबले. पुढे त्याच जन्मदात्याच्या दारात ट्रॅक्टर आला. आम्हाला वाढवले ते आईच्या दुसऱ्या यजमानांनी. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. ते मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि माझी पहिल्या वर्षाची फी तात्यांनी भरली. धाकटा भाऊ बारा वर्षांचा आहे. त्याला रीतसर दत्तक घ्यावे असे तात्यांच्या मनात आले, तेव्हा पलीकडून भावकीतले एक गृहस्थ निरोप घेऊन आले. म्हणाले, "वैनी, सही मिळंल. पर मागली बाकी सोडून द्या. म्हंजे तुम्ही मोकळ्या, त्येबी मोकळे." आई शाळा शिकलेली नाही. ती म्हणाली, "त्यो पैसा माझा असता तर कवाच सोडला असता. पोरांचा हाय. मी कोण सोडनारी?"

माझ्या मते या सबंध प्रश्नाचा निकाल त्या एका वाक्यात आहे. पोटगी ही आईवर केलेली मेहेरबानी नव्हे. ती मुलाची भाकरी आहे. आई तिची केवळ राखणदार. ज्या वर्षी ती मिळाली नाही त्या वर्षी मूल जेवायचे थांबले नाही. दुसऱ्या कुणीतरी आपल्या ताटातली अर्धी त्याला दिली. ते कर्ज आहे, आणि कर्ज माफ करण्याच्या बदल्यात मुलाचे नाव देणे हा सौदा आहे. सहीची किंमत थकबाकीएवढी! गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून असे व्यवहार होत. मुलांच्या बाबतीत ते होऊ नयेत.

आणि हा सौदा कायद्याच्या अक्षराशीही जुळत नाही. दत्तकाचा परिणाम 'दत्तकाच्या तारखेपासून' सुरू होतो, असे १९५६ च्या कायद्याचे बारावे कलम सांगते. त्या दिवसापासून जन्मघराशी नाते तुटते, वारसा तुटतो. आधीच निहित झालेली मालमत्ता तेवढी मुलाबरोबर जाते. याचा सरळ अर्थ असा की, उद्यापासूनची जबाबदारी नव्या बापाची. कालपर्यंतची कुणाची होती, हे त्यामुळे बदलत नाही. दत्तकपत्र म्हणजे थकबाकीची पावती नव्हे.

आता नव्या बापाच्या वाट्याला काय येते तेही पाहू. 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' अशी आपली म्हण आहे. येथे पोळी एकाची आणि टाळी दुसऱ्याची! दत्तक झाला नाही तर सावत्र मूल कायद्याने त्याचे वारस नाही. मृत्युपत्र न करता तो गेला तर त्याचे घर पुतण्याकडे जाऊ शकते. ज्या मुलांना त्याने वाढवले त्यांच्याकडे नाही. दत्तक घ्यायचा म्हटले तर १९५६ च्या कायद्याच्या अटी आडव्या येतात. त्याला स्वतःचा मुलगा असेल तर मुलगा घेता येत नाही, मुलगी असेल तर मुलगी घेता येत नाही. मुलगी घ्यायची तर दोघांच्या वयात निदान एकवीस वर्षांचे अंतर हवे. मूल पंधरा वर्षांच्या आतले हवे. या शेवटच्या अटीला रूढीचा अपवाद आहे. जुन्या मुंबई इलाख्यात कोणत्याही वयाचा दत्तक चाले आणि ती रूढी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली मान्य केली आहे. पण बाकीच्या अटी गादी सांभाळणाऱ्यांच्या काळातल्या वाटतात. एक मुलगी असलेला विधुर आणि एक मुलगी असलेली फारकत झालेली बाई यांनी लग्न केले, तर दोघी मुली एका ताटात जेवतील. पण या कायद्याने बहिणी होणार नाहीत.

गंमत अशी की, जेव्हा देण्याची नव्हे, घेण्याची वेळ येते तेव्हा कायदा सावत्र बापाला ओळखतो. ज्येष्ठांच्या निर्वाहाचा जो कायदा २००७ साली झाला, त्यात 'पालक' या शब्दात सावत्र पिता व सावत्र माता यांचा उघड उल्लेख आहे. हे योग्यच झाले. परंतु जन्मदाताही त्याच शब्दात बसतो. ज्याने वीस वर्षे मागे वळून पाहिले नाही, तोही म्हातारपणी मुलाच्या दारात अर्ज घेऊन उभा राहू शकतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो यापेक्षा वेगळा काय असतो?

सगळेच अंधारलेले आहे असे मात्र नाही. आंध्र प्रदेशातल्या एका आईचा खटला २८ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. पती वारल्यावर तिने पुनर्विवाह केला आणि मुलाला नव्या घरचे आडनाव दिले. आजी-आजोबा न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने जुने आडनाव परत लावण्यास आणि कागदपत्रांत नव्या पतीचा 'सावत्र पिता' असा उल्लेख करण्यास सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. कागदावर 'सावत्र' लिहिणे हे मुलाच्या मनाच्या दृष्टीने जवळजवळ क्रूरपणाचे आहे, असा त्याचा अभिप्राय पडला. त्या मुलाला नव्या वडिलांनी रीतसर दत्तकही घेतले होते. तथापि तेथे जन्मदाता हयात नव्हता. जो हयात आहे आणि देतही नाही, त्याचा प्रश्न शिल्लकच आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव बंधनकारक केले, तेही पाऊल चांगले. पण आईच्या नावापुढे बापाचे नाव येतेच.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती टाळून चालणार नाही. काही जण म्हणतील की, पोटगी न देणारा प्रत्येक बाप नालायक नसतो. खरे आहे. जत-आटपाडीकडचा दुष्काळ ज्याने पाहिला आहे, त्याला 'ऐपत नाही' या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कुणाचा कारखान्यातला रोजगार गेला, कुणी अंथरुणाला खिळला. काही ठिकाणी बापाला पोराचे तोंड पाहू दिले जात नाही आणि सूड म्हणून त्याचे नाव पुसण्याची घाई होते. अशा बापाचा हक्क हिरावू नये. म्हणूनच माझे म्हणणे 'संमती नको' असे सरसकट नाही. ज्याला ऐपत होती, ज्याच्यावर हुकूम होता, ज्याने पैसे दिले नाहीत आणि भेटण्याचा प्रयत्नही केला नाही, त्याची संमती न्यायालयाने त्याचे म्हणणे ऐकून घेऊन बाजूला ठेवावी. ऐपत मोजायची कशी, हे २०२० च्या प्रतिज्ञापत्रांनी सांगितलेलेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक सावत्र बाप देवमाणूस असतो का? नसतो. आणि एकदा झालेला दत्तक रद्द करता येत नाही. म्हणून चौकशी हवी, आणि मुख्य म्हणजे मुलाला विचारले पाहिजे. १९५६ च्या कायद्यात मुलाच्या इच्छेचा विचार न्यायालयाने करावा असे आहे खरे, पण ते पालकनियुक्त व्यक्ती मूल देत असेल तेव्हाच. आईबाप देत असतील तर मुलाला कुणीच विचारत नाही. बारा वर्षांच्या मुलाला कोणत्या घरात ऊब आहे ते कळत नाही, असे मानणाऱ्यांनी आपले बालपण आठवून पाहावे.

इतर देशांनी यावर उपाय शोधले आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बापाने ऐपत असून वर्षभर मुलाला पोसले नाही व त्याच्याशी संबंधही ठेवला नाही, तर दत्तकासाठी त्याच्या संमतीवाचून पुढे जाता येते. जर्मनीत १९८० पासून असा कायदा आहे की, बापाने पोटगी थकवली तर सरकार ठरावीक रक्कम मुलाला आगाऊ देते आणि नंतर बापाकडून वसूल करते. पीककर्जाची वसुली करायला आपल्याकडे यंत्रणा आहे, वीजबिलाची आहे, पाणीपट्टीची आहे. फक्त मुलाच्या भाकरीची वसुली तेवढी एकट्या आईने करायची, हा कोणता न्याय?

एवंच, माझ्या मागण्या तीन. ऐपत असून मुलाला टाकणाऱ्याचा नकाराचा अधिकार संपावा. थकलेली पोटगी मुलाची समजावी आणि ती दत्तकाच्या संमतीच्या बदल्यात कुणालाही सोडता येऊ नये. आणि तिच्या वसुलीचे ओझे आईच्या खांद्यावरून शासनाने आपल्या खांद्यावर घ्यावे.

कायदे दिल्लीत होतात आणि आपण सांगलीत आहोत, असे कुणी म्हणेल. पण काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की, वर्गात हजेरी घेताना एखाद्याच्या नावात नि आडनावात मेळ दिसला नाही तर चारचौघांत कारण विचारू नये. पालकसभेला येणाऱ्या माणसाला 'तुम्ही याचे कोण?' असे विचारण्याऐवजी 'या, बसा' म्हणावे. महाविद्यालयाच्या अर्जात 'वडिलांचे नाव' या रकान्याखाली 'सांभाळ करणाऱ्याचे नाव' असा आणखी एक रकाना घालायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. आणि मित्रमैत्रिणींनो, आपणही 'सावत्र' हा शब्द जरा जपून वापरू या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात परक्यांच्या पोरांसाठी वसतिगृह काढले, त्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या पोरांना कुणी सावत्र म्हटले नाही. त्यांच्या संस्थांतून शिकलेल्यांच्या या मुलखात, पोटाला घालणारा मनुष्य नुसत्या एका सहीअभावी परका ठरावा, हे आपल्याला शोभणारे नाही.